भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी शस्त्रक्रियेविना काढायची, तर एन्झाइमच्या आधी, दरम्यान आणि नंतर काय सांभाळायचं?

रेसिडेंट_सर्जरी

नमस्कार मंडळी. प्रौढ रुग्ण, आगीने भाजलेला. एका हाताचा मागचा भाग आणि कोपरापर्यंतचा पुढचा हात मिळून शरीराच्या साधारण ४ टक्के क्षेत्र. बहुतेक भाग खोल दुसऱ्या दर्जाचा (कातडीच्या आतल्या थरात खोलवर भाजलेला) वाटतो, मनगटाजवळ एक पट्टा पांढरट, कोरडा, टोचलं तरी न कळणारा. भाजून दीड दिवस झालाय. पहिल्या दवाखान्यात सिल्व्हर सल्फाडायझिन (चांदीचं मलम) जाड थापून पाठवलेलं असतं, हे नेहमीचंच.

अशा जखमेसाठी चाकूऐवजी ब्रोमेलेन या अननसातल्या एन्झाइमचं जेल वापरायचं ठरलं तर पुढच्या गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. कुठली जखम यासाठी योग्य आणि कुठली नाही? आधी लावलेल्या चांदीच्या मलमाने खरंच फरक पडतो का? माल किती लागतो आणि काम कुठे फसतं? वेदनेचं काय करायचं? आणि कातडी निघाल्यावर खाली जे दिसतं ते वाचायचं कसं? ब्रोमेलेन हाताशी नसेल तर कोलॅजिनेज, पपेन (पपईतलं एन्झाइम), हायड्रोजेल, अळ्या यांतलं काय कितपत चालतं, हेही लिहा.

प्लास्टिकसर्जन

प्रश्न नेमका विचारलात. आधी योग्य-अयोग्य बघू, कारण अर्ध्या तक्रारी चुकीच्या जखमेवर जेल लावल्याने येतात.

मृत थर लवकर काढायचा, हे तत्त्व आता वादाचं राहिलेलं नाही. मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये पातळ-पातळ काप घेऊन मृत थर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर कातडी आपोआप सुटण्याची दोन-तीन आठवडे वाट बघणं हळूहळू मागे पडलं. कातडी आपोआप सुटते ती मुख्यतः खाली वाढलेल्या जंतूंच्या एन्झाइममुळे. म्हणजे वाट बघायची तर जंतुसंसर्गाची किंमत मोजून. अडचण चाकूच्या बाजूने अशी की पाव मिलिमीटर जास्त गेलं तरी जिवंत आंतरत्वचा (कातडीचा आतला थर) जाते. हाताच्या मागच्या बाजूला कातडी पातळ आणि लगेच खाली कंडरा, तिथे ही चूक महागात पडते. रक्तही बरंच जातं.

ब्रोमेलेन म्हणजे अननसाच्या खोडातून काढलेला प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमांचा गट. नेक्सोब्रिड या नावाने हे औषध युरोपात २०१२ च्या अखेरीस आणि अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस प्रौढांसाठी मंजूर झालं. त्याचं बलस्थान म्हणजे ते जळून बिघडलेलं प्रथिन पचवतं आणि जिवंत आंतरत्वचेला फारसा धक्का लावत नाही. अमेरिकी मंजुरीला आधार ठरलेल्या चाचणीत जवळजवळ पूर्ण मृत थर निघाला तो जेल-एन्झाइमच्या गटात ९३ टक्के रुग्णांत आणि एन्झाइम नसलेलं नुसतं जेल लावलेल्या गटात ४ टक्क्यांत. मृत थर काढण्यासाठी शस्त्रक्रिया लागली ४ टक्क्यांना, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ७२ टक्क्यांना. आकडे चांगले आहेत, पण ते मृत थर निघण्याबद्दलचे आहेत. कलम (दुसरीकडची कातडी आणून लावणं) लागणारच नाही असा त्यांचा अर्थ नाही, हे नातेवाइकांना पहिल्या दिवशीच सांगा.

योग्य जखम: उष्णतेने झालेली, खोल दुसऱ्या दर्जाची किंवा पूर्ण जाडीची, शक्यतो पहिल्या ७२ तासांतली. तुमची जखम यात बसते. मिश्र खोलीच्या जखमेत तर याचा फायदा जास्त, कारण वरून बघून खोलीचा अंदाज बांधणं अनुभवी डोळ्यालाही जमतंच असं नाही.

अयोग्य: रसायनाने भाजलेली, उच्च दाबाच्या विजेने भाजलेली, जिथे खरं नुकसान आत स्नायूत असतं, पू झालेली, रक्तवाहिनी, कृत्रिम ग्राफ्ट किंवा शरीराची पोकळी उघडी पडलेली. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांच्या आजारात पाय भाजलेला असेल तर टाळा. जननेंद्रियांच्या भागावर सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध झालेले नाहीत, असं अमेरिकी लेबल म्हणतं. चेहऱ्यावरही तेच म्हणतं. युरोपातली काही केंद्रं चेहऱ्यावर वापरतात, पण डोळे राखण्याचा सराव असलेल्या हातांनीच. अननस, पपई, पपेन यांची अॅलर्जी असेल तर अजिबात नाही. लॅटेक्स, मधमाशीचं विष आणि ऑलिव्हचे परागकण यांच्याशीही क्रॉस-अॅलर्जी नोंदलेली आहे, ती विचारून घ्या. ब्रोमेलेन प्लेटलेट चिकटण्यात अडथळा आणतं, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला असेल तर थांबून विचार करा.

मनगटाजवळचा पट्टा पूर्ण गोलाकार असेल तर मात्र वेगळा विचार हवा. मृत थर लवकर पचल्याने दाब उतरतो आणि कित्येक हातांत एस्कारोटोमी (दाब उतरवायला मृत थराला दिलेली चीर) टळते, हे खरं. पण जेलचं काम चार तासांचं असतं आणि त्याआधी दोन तास भिजवण. बोटांचा रक्तपुरवठा आत्ताच धोक्यात असेल तर हे सहा तास हाताशी नाहीत. तिथे आधी चीर द्यायची.

सिस्टर_बर्न्स

चांदीबद्दल विचारलंत. होय, फरक पडतो, आणि बराच पडतो. चांदी आणि आयोडीन दोन्ही या एन्झाइमचं काम मारतात. सल्फाडायझिन एक-दोन दिवस राहिलं की जखमेतल्या स्रावाशी मिळून पिवळट-करडा चिकट थर तयार होतो. तो पुसला नाही तर जेल त्या थरातच अडकून बसतं, खाली पोचतच नाही. मग चार तासांनी सगळे म्हणतात “औषध चाललं नाही”. चांदीची ड्रेसिंगं, पोव्हिडोन आयोडीन, सगळ्यांना हेच लागू. तुमच्या रुग्णात आजची सकाळ फक्त सफाईची समजा.

क्रम असा ठेवा.

वेदनाशामक देऊन झालं की कोमट पाण्याखाली किंवा सलाइनने मलम धुऊन काढायचं. टबात बुडवून ठेवायचं नाही, वाहतं पाणीच हवं. बुडवलं तर एका भागातले जंतू दुसऱ्या भागात जातात आणि टब सुडोमोनास या जंतूचं घर होतो. मऊ स्पंजने गोल-गोल पुसत सगळा करडा थर घालवायचा. फोडांची छपरं सगळी काढायची, सैल कातडी आणि काजळी काढायची. यात कंजुषी नको. मेलेल्या कातडीचा वरचा केराटिनचा पापुद्रा राहिला की त्याखाली एन्झाइम उतरत नाही. फोड तसाच ठेवून वर जेल लावलं तर तेवढा गोल न उतरलेला राहतो, दुसऱ्या दिवशी नकाशासारखा स्पष्ट दिसतो.

मग भिजवण. पाण्यातलं क्लोरहेक्सिडिन किंवा साधं सलाइन, त्यात भिजवलेले जाड गॉज, किमान दोन तास. स्पिरिट असलेलं क्लोरहेक्सिडिन चुकूनही नको, बाटली वाचून घ्या. कोरडी, चामड्यासारखी झालेली जखम असेल तर दोन तास कमी पडतात, ती रात्रभर भिजवून ठेवून सकाळी जेल लावणं चांगलं. एन्झाइमला काम करायला ओल लागते.

मालाचं गणित: २ ग्रॅम पावडर आणि २० ग्रॅम जेल मिळून प्रौढाच्या सुमारे १ टक्का क्षेत्राला पुरतं. ५ ग्रॅमची कुपी ५० ग्रॅम जेलसोबत अडीच टक्क्यांना. क्षेत्र मोजायला रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट धरा, तो अंदाजे १ टक्का, खरं तर किंचित कमीच. तुमच्या ४ टक्क्यांसाठी ८ ग्रॅम, म्हणजे २ ग्रॅमचे चार संच, किंवा ५ चा एक आणि २ चे दोन (९ ग्रॅम, थोडं उरतं). एका वेळी १५ टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्रावर लावायचं नाही.

जेलचा थर दीड ते तीन मिलिमीटर. यापेक्षा पातळ पसरलं की मध्येमध्ये बेटं राहतात. बोटांच्या फटीत आणि मनगटाच्या घडीत थर नेमका पातळ होतो, तिथे मुद्दाम बघून भरा.

जेल लावण्याआधी जखमेच्या कडेने दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात पेट्रोलियम जेलीचा बांध घालायचा. हा बांध जेलला आत धरतो आणि भोवतीची चांगली कातडी वाचवतो. पण हाच मलम जखमेवर सरकला तर तेवढा भाग एन्झाइमपासून झाकला जातो. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच. कडेने आत आलेली मलमाची जीभ, आणि तिच्याखाली तसाच राहिलेला मृत पट्टा. बांध घालून झाला की कडा एकदा कोरड्या गॉजने तपासा. आजूबाजूला खरचटलेलं किंवा वरवर भाजलेलं असेल तर त्यालाही पेट्रोलियम जेली लावून झाका, नाहीतर तिथे फार झोंबतं.

पावडर आणि जेल मिसळायचं ते रुग्णाशेजारीच आणि सगळी तयारी झाल्यावरच. एक-दोन मिनिटं घोटलं की फिकट बदामी-तपकिरी एकसारखं मिश्रण होतं. मिसळल्यापासून एन्झाइमची ताकद उतरायला लागते, १५ मिनिटांच्या आत जखमेवर गेलंच पाहिजे. म्हणून सगळ्या कुप्या एकदम फोडू नका. एक मिसळायची, लावायची, मग दुसरी. एकाने मिसळायचं आणि दुसऱ्याने लावायचं असं दोघांचं काम ठेवलं तर वेळ नीट बसते. पावडर उडते आणि श्वासातून गेली तर आपल्यालाच तिची अॅलर्जी जडू शकते, तेव्हा मास्क, चष्मा, हातमोजे पाहिजेतच.

जखम सलाइनने ओली करून मग जेल. वर निर्जंतुक पारदर्शक चिकट फिल्म, आत हवेचे फुगे राहू न देता, कडा बांधाच्या पलीकडे कोरड्या कातडीवर चिकटलेल्या. त्यावर सैल जाड बँडेज. हात उंच. हाताला फिल्मची पिशवी करायची पद्धतही आहे, पण पिशवीत जेल खाली जमा होतं आणि वरचा भाग उघडा पडतो. बोटं वेगवेगळी गुंडाळणं जास्त खात्रीचं.

मोजून चार तास. फिल्म काढा, लाकडी जीभ-पट्टीने आधी बांध आणि मग विरघळलेला तपकिरी चिखल खरवडून घ्या, मोठ्या कोरड्या गॉजने पुसा, मग सलाइनच्या ओल्या गॉजने, बारीक रक्ताचे ठिपके किंवा पांढरट स्वच्छ ऊती दिसेपर्यंत. अर्धवट पुसून थांबू नका. विरघळलेला थर राहिला तर तो सुकून पुन्हा खपलीसारखा चिकटतो. त्यानंतर आणखी किमान दोन तास जंतुनाशकाची भिजवण, राहिलेलं एन्झाइम आणि चिखल धुऊन जायला.

रेसिडेंट_सर्जरी

सिस्टर, खूप उपयोगी. वेदनेबद्दल कुणी भूलतज्ज्ञ लिहील का? आणि ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करणं) दिला तर कंपार्टमेंटची (आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची) वेदना झाकली जाते, याचं काय?

भूलतज्ज्ञ

आधी हे लक्षात घ्या की जेल लावलं की पहिल्या काही मिनिटांत जळजळ सुरू होते आणि चार तासांनी पुसताना वेदना सर्वांत जास्त असते. “दुसऱ्या दर्जाचं खोल आहे, संवेदना कमी आहे, चालेल” असा विचार करू नका. कडा नेहमी उथळ असतात आणि मृत थर गेल्यावर उघडी पडलेली आंतरत्वचा प्रचंड दुखते.

हातासाठी ब्रेकियल प्लेक्सस ब्लॉक (हाताच्या नसांच्या जाळ्याचा ब्लॉक) हा पहिला पर्याय. अल्ट्रासाउंडखाली, रोपिव्हाकेन किंवा बुपिव्हाकेनसारखं दीर्घकाळ टिकणारं औषध. इथे घड्याळ बघायला लागतं. दोन तास भिजवण, चार तास जेल, पुसणं, परत दोन तास भिजवण, असे आठ-नऊ तास सहज होतात. ब्लॉक पहिल्या सफाईलाच दिला तर नेमकं पुसायच्या वेळी उतरायला लागतो. म्हणून पहिली सफाई केटामीन आणि ओपिऑइडच्या छोट्या मात्रांवर करा, आणि ब्लॉक जेल लावायच्या अर्धा तास आधी. कॅथेटर ठेवता आला तर पुढच्या ड्रेसिंगलाही उपयोगी पडतो. ब्लॉक नसेल तर वेदनाशामक जेलच्या किमान १५ मिनिटं आधी गेलेलं असावं आणि पुसताना शामकभूल तयार हवी, मॉनिटरसकट.

कंपार्टमेंटची शंका रास्त आहे. ब्लॉक दिल्यावर वेदना हे लक्षण हातातून जातं, तेव्हा इतर खुणा लिहून ठेवा: बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लहर, नखाखाली रक्त परत भरण्याचा वेळ, डॉपलरवर तळव्याची कमान, बोटांचा थंडपणा, मुठीचा ताण. दर तासाला. एका बोटाचं टोक न झाकता ठेवलं तर हे सगळं फिल्म न काढता बघता येतं. ब्लॉक देण्याआधी हात आणि बोटांची संवेदना आणि हालचाल तपासून कागदावर हवीच.

जेलनंतर ताप चढतो, हे बऱ्याच रुग्णांत दिसतं. लगेच सेप्सिसची (रक्तात पसरलेल्या संसर्गाची) औषधं सुरू करण्याआधी ताप जेलनंतर किती वेळाने आला ते बघा. ताप टिकला किंवा रुग्ण मलूल झाला तर मात्र संसर्ग शोधा. मोठ्या क्षेत्रात मृत थर गेल्यावर उघड्या पृष्ठभागातून द्रव जास्त जातो, लघवीवर लक्ष ठेवून सलाइनचं प्रमाण परत ठरवा.

औषधनिर्माता

ब्रोमेलेन नसेल तर काय, त्याबद्दल.

कोलॅजिनेज मलम क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जंतूपासून येतं, नेहमीची ताकद दर ग्रॅमला २५० युनिट. हे मृत थराला तळाशी धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतं, वरून थर विरघळवत नाही. त्यामुळे परिणाम तासांत दिसत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात. दिवसातून एकदा, साधारण दोन मिलिमीटर जाड, फक्त जखमेवर. भोवती पसरलं तर लाली येते. पीएच ६ ते ८ मध्ये काम करतं, म्हणून अॅसिटिक अॅसिडच्या भिजवणीनंतर लगेच लावून उपयोग नाही. चांदी, पारा असले जड धातू, आयोडीन आणि साबणासारखी डिटर्जंटं याला निकामी करतात. धुवायला सलाइनच. थर जाड आणि कोरडा असेल तर ब्लेडने वरवर जाळीदार चिरा पाडतात, म्हणजे मलम खाली उतरतं. चिरा मेलेल्या थरातच, रक्त आलं तर खोल गेलात. अशक्त रुग्णात मृत थर सुटताना जंतू रक्तात जाण्याची शक्यता लेबलच सांगतं, तेव्हा ताप आणि नाडीवर लक्ष. जखमेवर उरलेला पातळ चिकट मृत भाग काढायला ते चांगलं. पहिल्या ७२ तासांत खोल जखम मोकळी करायचं काम त्याच्याकडून होत नाही.

पपेन-युरियामध्ये युरिया प्रथिनाची घडी उलगडतो आणि पपेन ते तोडतं. निवडकपणा कमी, जळजळ जास्त. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चांदीने निकामी होतं. मंजुरी नसलेली पपेनची मलमं बाजारातून काढण्याचा आदेश अमेरिकी औषध नियंत्रकाने २००८ मध्ये दिला, त्यामागे तीव्र अॅलर्जीच्या नोंदी होत्या. इतर काही देशांत ते मिळतं. वापरायचंच असेल तर छोट्या क्षेत्रावर, अॅलर्जीचा इतिहास विचारून.

आणि कच्च्या पपईचा गर किंवा चीक थेट जखमेवर लावणं नको. त्यातल्या एन्झाइमची ताकद दर फळाला वेगळी, निर्जंतुकता शून्य, आणि खोल भाजलेली जखम ही जंतूंना आयतं खाद्य असते.

सिस्टर_बर्न्स

हायड्रोजेल आणि अळ्यांचं राहिलं.

हायड्रोजेल स्वतः काही पचवत नाही. ओल देऊन शरीराच्या स्वतःच्या एन्झाइमला काम करू देतं. एक ते तीन दिवस ठेवता येतं, वरून फिल्म. छोट्या जखमेवर, पातळ पिवळ्या थरावर, बाकी उपचार सोसत नसलेल्या वृद्धात ठीक. ४ टक्के खोल जखमेला हे पुरणार नाही. कडा पांढऱ्या, भिजून सुरकुतलेल्या दिसल्या की बदलायची वेळ लांबली असं समजा. आणि वास बदलला, स्राव हिरवट झाला तर बंद ड्रेसिंग त्याच दिवशी थांबवा.

अळ्या, म्हणजे लुसिलिया सेरिकाटा या माशीच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्जंतुक अळ्या. अमेरिकेत २००४ पासून वैद्यकीय साधन म्हणून परवानगी आहे. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते १०, दोन-तीन दिवस, जाळीखाली किंवा पिशवीत. त्यांना हवा लागते, म्हणून वर फिल्म चिकटवायची नाही. कोरड्या, चामड्यासारख्या थरावर त्या भुकेल्या मरतात, थर आधी मऊ झालेला हवा. आधीच्या हायड्रोजेलचा अंश राहिला तरी मरतात, त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. दुसऱ्या दिवसापासून अळ्या मोठ्या होतात तशी वेदना वाढते. पायाच्या जुनाट व्रणांवर याचा अभ्यास बराच झालाय, ताज्या भाजलेल्या जखमेवर कमी. ताज्या जखमेसाठी पहिला पर्याय म्हणून सुचवता येणार नाही.

ओलं गॉज लावून सुकल्यावर ओढून काढायची जुनी पद्धत अजून कुठेकुठे चालते. ती कृपया बंद करा. सुकलेलं गॉज मेलेलं आणि नव्याने आलेलं दोन्ही उपटतं, आणि रुग्णाला दर वेळी तितकंच दुखतं.

प्लास्टिकसर्जन

आता कातडी निघाल्यावर काय दिसतं, ते. माझ्या मते खरं कसब इथे लागतं.

फिल्म काढून पुसल्याबरोबर सगळा पृष्ठभाग गुलाबी-लाल दिसतो आणि वाटतं, सुटलो. त्या क्षणी निर्णय घेऊ नका. नंतरची दोन तासांची भिजवण झाल्यावर परत बघा, तेव्हा खोलीचा अंदाज जास्त खरा येतो. पांढरट-गुलाबी पृष्ठभागावर बारीक, दाट रक्ताचे ठिपके असतील तर आंतरत्वचेचा वरचा भाग शिल्लक आहे, स्वतःहून भरून येण्याची शक्यता चांगली. ठिपके मोठे आणि विरळ झाले की तुम्ही खोल आंतरत्वचेत आहात. पिवळे चरबीचे दाणे आणि त्यात काळपट गोठलेल्या बारीक शिरा दिसल्या तर तिथे आंतरत्वचा उरलेली नाही. तुमचा मनगटाचा पट्टा बहुधा असाच निघेल. त्याला कलम लागणार, त्यात दिवस घालवू नका. मात्र त्याच दिवशी कलम टाकणं टाळतात, उरलेलं एन्झाइम आणि स्राव यांमुळे कलम धरत नाही. साधारण दोन दिवस थांबून, पृष्ठभाग स्वच्छ असल्याची खात्री करून मग.

ज्या भागात आंतरत्वचा आहे तिथला मोठा शत्रू कोरडेपणा. उघड्यावर अर्धा तास राहिली तरी वरचा थर सुकून मरायला लागतो आणि खोली वाढते. फोटो काढायचे, सगळ्यांनी बघायचं, ते पटकन, ओलं गॉज ठेवून. मग न चिकटणारी सिलिकॉन जाळी आणि त्यावर पॉलिहेक्सानाइड या जंतुनाशकाचं जेल किंवा स्निग्ध गॉज, नाहीतर तात्पुरतं जैविक किंवा कृत्रिम आवरण. ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी, उगाच रोज उघडायचं नाही. परत सल्फाडायझिन थापायचं नाही. त्याने पुन्हा तोच करडा थर येतो, जखम भरायला उशीर होतो आणि भरतेय की नाही हे दिसतही नाही.

किती थांबायचं? वरची मर्यादा २१ दिवस. त्यापुढे भरलेल्या जागी जाड, खेचणारा व्रण येण्याचा धोका चढत जातो. पण हाताच्या मागच्या बाजूला २१ दिवसांची वाट बघत बसू नका. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत केसांच्या मुळांभोवती नव्या कातडीची बेटं दिसली नाहीत तर कलमाचं ठरवून टाका. आणि फिजिओथेरपी ब्लॉक उतरल्या दिवसापासून. बोटांच्या मुळाशी वाकलेला आणि पुढे सरळ असा स्प्लिंट, दिवसा हालचाल.

रेसिडेंट_सर्जरी

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडल्यावर पिवळट-पांढरा थर दिसला तर तो राहिलेला मृत थर की दुसरं काही? परत जेल लावायचं का?

सिस्टर_बर्न्स

बहुतेक वेळा तो स्राव आणि फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) बनलेला थर असतो. ओळखायचं असं: सलाइनचं ओलं गॉज दहा मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने पुसा. सायीसारखा सरकून निघाला आणि खाली गुलाबी दिसलं तर तो स्राव. निघेल तेवढा काढा, उरलेल्याला हायड्रोजेल द्या, चिमट्याने ओढू नका, नवी कातडी त्याच्याच कडेने सरकत असते. घट्ट, चामड्यासारखा, कडा जखमेत रुतलेल्या, पुसून हलत नाही आणि त्याचा आकार मलमाच्या बांधासारखा किंवा फोडासारखा गोल असेल, तर तो खरा राहिलेला मृत थर.

प्लास्टिकसर्जन

बरोबर. आणि खरा असला तरी पाचव्या दिवशी पुन्हा जेल लावू नका. भोवती नवी कातडी यायला लागलेली असते आणि एन्झाइम लावण्याची योग्य वेळही निघून गेलेली असते. रुपयाएवढी एखाद-दुसरी बेटं असतील तर कोलॅजिनेज किंवा जागच्या जागी बारीक चाकूने तेवढीच काढा. बेटं मोठी असतील तर तो भाग कलमाच्या दिवशी टेबलावर घ्या. कुठे राहिलं ते बाह्यरेषेसकट फोटोवर आखून ठेवा आणि पहिल्या दिवशीच्या बांध घातलेल्या फोटोशी ताडून बघा, कारण तिथेच कळतं की मलम आत आलं होतं, फोड राहिला होता की थर पातळ पडला होता.